क्षिप्राचा राग आणि दादांचे दात

डॉ. क्षिप्रा मोघे चिडलेली नाही असा दिवस आमच्या चौल गावात कोणी पाहिलेला नाही. ती सकाळी चिडते, दुपारी जेवायला आत जाते तेव्हा चिडते, आणि संध्याकाळी खुर्चीवरचा दिवा मालवताना दिवसभरात ज्यांच्यावर चिडायचं राहून गेलं त्यांच्यावर एकदम चिडून घेते. तरीही दवाखान्यात गर्दी. आमच्याकडे लोकांची अशी समजूत आहे की डॉक्टर ओरडला नाही म्हणजे त्याला आजार कळलेला नाही. मध्यंतरी एक गोड बोलणारा दंतवैद्य रेवदंड्याला येऊन राहिला होता. वर्षभर माशा मारून पनवेलला परत गेला. "दाढ ठणकतेय माझी आणि हा हसतोय काय?" असं लोक म्हणायचे.

शिवाय क्षिप्राचा राग साधा नाही. रागाच्या वेळी तिच्या हातात काहीतरी टोकदार असतं आणि समोरच्याचं तोंड उघडं असतं, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही. भांडणाची इतकी सोय दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नसेल. "ब्रश करता? रोज? मग हे काय आहे, गेल्या गणपतीतला मोदक?" समोरचा "आँ आँ" करतो. त्याचा अर्थ त्यालाही माहीत नसतो. क्षिप्रा ती कबुली समजते आणि पुढे जाते.

आता तिची बाजूही सांगितली पाहिजे. दात दुखायला लागला की आमचा माणूस आधी त्यात लवंग घालतो. मग कापूर. मग मिश्री. मग शेजारीण सांगते म्हणून डोकेदुखीची गोळी कुटून दातात भरतो, गोळीने हिरडी भाजली की तिच्यावर तूप लावतो, आणि हे सगळं करून गाल टोमॅटोसारखा झाला की दवाखाना बंद व्हायच्या वेळी येऊन खुर्चीत बसतो. बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारतो, "डॉक्टर, तुमच्या औषधाने काही अपाय तर नाही ना होणार?"

एकाची दातावरची टोपी निघाली. ती त्याने चपला चिकटवायच्या गोंदाने घरीच बसवली. उलटी बसवली. एका बाईंची वरची दाढ काढली, त्या चार महिन्यांनी नवा चष्मा घालून भांडायला आल्या. वरची दाढ काढली की नजर जाते हे त्यांना आधीपासून माहीत होतं, फक्त दाढ इतकी दुखत होती की त्या वेळी आठवलं नाही. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे. ते समुद्रावर येतात, जेवणात खेकडा मागवतात, आणि नांगी फोडायला दिलेलं दांडकं बाजूला ठेवून ती दाताने फोडायला जातात. मग अर्धा दात रुमालात बांधून उभे. "मॅडम, जरा जल्दी बघा ना, साडेअकराला चेकआउट आहे."

हे सगळं क्षिप्रा एकटी झेलते. एकटी म्हणजे नूतन सोडून. नूतन तिची मदतनीस. हत्यारं उकळणं, नंबर लावणं, कापूस देणं ही तिची कामं, पण खरं काम कॉम्प्रेसरचं. डॉक्टरच्या कपाळावरची शीर उभी राहिली की नूतन कोणी न सांगता कॉम्प्रेसरचं बटण दाबते. ते यंत्र असं घरघरतं की आत काय चाललंय ते बाहेर बसलेल्यांना ऐकू जात नाही. त्या आवाजात क्षिप्रा जे बोलायचं ते बोलून घेते, मग नूतन बटण बंद करते, आणि शांत झालेली डॉक्टर म्हणते, "हं, आता चूळ भरा." दाताला छिद्र पाडायला हवा लागते तेव्हा कॉम्प्रेसर चालतो, पण महिन्याचं विजेचं बिल मुख्यतः रागाचं येतं.

गेल्या पावसाळ्यानंतर अलिबागच्या एका हॉटेलात दंतवैद्यांसाठी मनावरचा ताण घालवायचं शिबिर झालं. नूतनने परस्पर क्षिप्राचं नाव नोंदवलं. तिथे एका सुटाबुटातल्या माणसाने सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. क्षिप्राने घेतला. सोडताना तिला गोंदवाला आठवला आणि श्वास मध्येच अडकला. मग तो म्हणाला, "अवघड रुग्ण असा नसतोच. रुग्ण म्हणजे आपल्या दारी आलेला पाहुणा. त्याचं स्वागत करायला शिका, निम्मा ताण तिथेच जाईल." क्षिप्रा उभी राहिली. "माझ्या दारी पाहुण्यांचं जे स्वागत होतं," ती म्हणाली, "त्यानेच माझा ताण वाढलाय." आणि जेवणापूर्वीच निघून आली.

ती काय म्हणत होती ते त्या सुटाला कळलं नसेल. आम्हाला लगेच कळलं असतं.

क्षिप्राचा दवाखाना तिच्या घरातच आहे. मोघ्यांची नारळ-सुपारीची वाडी, वाडीच्या तोंडाशी घर, घराची एक पडवी बंद करून तिथे दवाखाना. पेशंटांनी बसायचं कुठे? ओटीवर. आणि ओटीवर झोपाळ्यात बसलेले असतात दादा, क्षिप्राचे वडील. सत्तरी ओलांडलेली, अंगात स्वच्छ बंडी, मांडीवर तबक, हातात अडकित्ता. मोघ्यांच्या ओटीवर चढलेला माणूस सुपारी घेतल्याशिवाय उतरत नाही, हा त्या घराचा दादांच्या आज्यापासूनचा रिवाज. सावकार असो, पोस्टमन असो, नाहीतर दाढदुखीने कळवळणारा पेशंट असो. "या, बसा. फार दुखतंय? अरेरे. ही घ्या, तोंडात धरा जरा."

म्हणजे आत मुलगी ज्या तोंडांना शिव्या देते, ती तोंडं बाहेर बाप भरून पाठवतो.

"नाव?"

"उं उं."

"तोंडात काय आहे?"

"दादांनी दिली."

नूतन बटण दाबते.

सुपारीने तोंडाचं काय होतं यावर क्षिप्राने कॉलेजात मोठं काम केलं होतं. रोज चघळत राहिलं की गाल आतून कातड्यासारखे घट्ट होत जातात. तिखट सोसत नाही. हळूहळू तोंड उघडायचं कमी होतं, आणि काही जणांत तिथेच पुढे कर्करोग धरतो. हे ती प्रत्येकाला सांगते. ओरडून सांगते, चित्रं दाखवून सांगते. आणि प्रत्येक जण सगळं ऐकून घेतो आणि शेवटी तेच एक वाक्य बोलतो.

"मग दादांना कसं काही झालं नाही?"

दादांचे दात हे चौलातलं एक बघण्यासारखं ठिकाण होतं. सगळेच्या सगळे जागेवर, एकही किडलेला नाही, ऊस सोलून खातील असे. दिवसभर झोपाळ्यात बसून ते पाहुण्यांना सुपारी कातरून द्यायचे आणि स्वतः बाजूच्या चांदीच्या डबीतला एकेक विडा तोंडात टाकायचे. तो विडा पद्माकाकू, म्हणजे क्षिप्राची आई, रोज सकाळी लावून ठेवायची. क्षिप्राचा त्या डबीवर इतका राग की ती तिच्याकडे बघतही नसे. बापलेकीचं भांडण झालं की दादा नुसते ओठ बाजूला करून दात दाखवायचे. "हे बघ. जन्मभर विडा खातोय. तुझी पुस्तकं काय सांगतात ती सांगू देत." ओटीवरचे पेशंट माना डोलवायचे. क्षिप्रा दार आपटून आत. त्या दाराची बिजागरी आत्तापर्यंत तीनदा बदलली.

अशात एक दिवस बुधाजी आला.

बुधाजी खाडीपलीकडच्या पाड्यातला. आधी बापाबरोबर मिठागरात राबला, मग टेम्पो घेतला. मोघ्यांच्या वाडीचा नारळ आणि सुपारी तोच वाशीच्या बाजारात नेतो, दादांच्या ऐन तारुण्यापासून. माल भरायला आला की आधी तासभर झोपाळ्यासमोरच्या बाकावर बसणार, दादांच्या हातची सुपारी खाणार, दोघे मिळून साऱ्या जगाला नावं ठेवणार, मग माल भरणार. क्षिप्राला त्याने खांद्यावर बसवून वाडीभर फिरवलेलं. त्या दिवशी मात्र त्याला माल न्यायचा नव्हता. त्याची सून कल्पिता त्याला दंडाला धरून आत घेऊन आली.

"डॉक्टर, बाबा जेवतच न्हाईत," कल्पिता म्हणाली. "कालवण जिभेला लागलं की हात मागं. भाकरीचा तुकडा नखाएवढा करून आत सरकवतात. आमी बोललो चला, तर बोलतात दात न्हाय दुखत, कनाला जाऊ?"

"न्हायच दुखत," बुधाजी म्हणाला.

"काका, आ करा."

बुधाजीने केला. नूतनला वाटलं तो अजून सुरुवातच करतोय. पण तेवढाच उघडत होता. क्षिप्रा म्हणाली, स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. निरोगी माणसाची जातात. बुधाजीचं एक गेलं, दुसरं दातांवर अडलं. क्षिप्राने कसाबसा आरसा आत घातला आणि दिवा जवळ ओढला. डाव्या गालाला आतून एक पांढरा चट्टा होता. खडबडीत, कडेला लालसर.

क्षिप्रा ओरडली नाही. नूतनचा हात बटणावर होता, तो तिथेच राहिला. "तेव्हा मला खरी भीती वाटली," असं नूतनने पुढे सगळ्यांना सांगितलं.

"काका, याचा एक लहानसा तुकडा काढून तपासायला लागेल. अलिबागला माझ्या ओळखीचे सर्जन आहेत. उद्याच जायचं."

"कापतील?"

"मुंगी चावल्याएवढं."

"न्हाय."

"काका, हे वाढलं तर गाल जाईल. जबडा जाईल. जीवही जाईल. आत्ता काढलं तर काही नाही."

बुधाजी खुर्चीतून उठला. "हे बग पोरी. तुजा बाप माज्यापेक्षा मोटा. माज्यापेक्षा जास्ती खातो. त्याला काय झालाय? दाखव मना त्याचा तोंड. मंग मी येतो."

आणि गेला. जाताना ओटीवर दादांनी दिलेली सुपारीची खांड घेऊन गेला.

त्यानंतरचे दिवस क्षिप्राने जे काय केलं त्याला राग म्हणणं कमीच आहे. ती बुधाजीच्या पाड्यावर गेली, बुधाजी मागच्या दाराने खाडीच्या खाजणात उतरला. तिने फोन केले, त्याने ते कल्पिताला उचलायला लावले, आणि मागून "बोल, बाबा भाईर गेलंत" असं सांगणारा त्याचाच आवाज तिला ऐकू आला. एकदा तिने नाक्यावर भर बाजाराच्या वेळी स्कूटर आडवी घालून त्याचा टेम्पो थांबवला. मागे एसटी, तिच्यामागे रिक्षा, सगळे भोंगे वाजवतायत, आणि मध्ये दंतवैद्य हातवारे करतेय. बुधाजीने काच वर केली. काचेपलीकडून तो हात जोडत होता, ती काचेवर बोटाने चट्ट्याचं चित्र काढत होती. शेवटी एसटीचा कंडक्टर उतरून म्हणाला, "मॅडम, दात काढायचा असेल तर बाजूला घेऊन काढा."

दादांशी तर रोज. "तुम्ही त्यांना सांगा. तुमचं ऐकतील."

"मी सांगितलं त्याला, जाऊन ये म्हणून."

"सुपारी हातात देऊन सांगितलंत."

"मग काय, आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडाने घालवू? बुध्याला?"

दाराची बिजागरी चौथ्यांदा गेली.

मग तो सोमवार. सुपारीची पोती भरायची होती म्हणून बुधाजीला यावंच लागलं. कल्पिताही मुद्दाम सोबत आलेली. पोती टेम्पोत चढवून झाली होती. ओटी पेशंटांनी भरलेली. आत खुर्चीत शाळेचे अंबाजी मास्तर, दाढ काढायची म्हणून इंजेक्शन देऊन जबडा सुन्न व्हायची वाट बघत बसवलेले. क्षिप्राने कशाला तरी दार उघडलं आणि पाहिलं, तर दादा अडकित्ता चालवतायत आणि बुधाजी हात पुढे करून उभा आहे. खांड तोंडात घालायला त्याला ती ओठांतून तिरकी सरकवावी लागत होती. पत्रपेटीत जाड पाकीट घालतात तशी.

"दादा, उठा," क्षिप्रा म्हणाली. "आत चला."

"मी? मला काय धाड भरलीये?"

"काही नाही भरलेली. तेच दाखवायचंय. बुधाजीकाका, तुम्ही म्हणालात ना, बापाचं तोंड दाखव? चला. सगळेच चला. रोज ऐकते मी, दादांचे दात, दादांचे दात. एकदा सगळ्या गावाने डोळे भरून बघून घ्या, म्हणजे मी दवाखान्याला कुलूप लावायला मोकळी!"

नूतनने बटणाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. हे ऐकू जायलाच हवं असं तिला वाटलं असावं.

अंबाजी मास्तर अर्ध्या जबड्याने "मी थांबतो" असं काहीतरी म्हणत बाजूच्या स्टुलावर गेले. दादा बंडी सारखी करत खुर्चीत बसले. लेकीच्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते. दात कधी दुखलाच नाही तर बसणार कशाला? दारात सगळी ओटी गोळा झालेली, सगळ्यात पुढे बुधाजी.

"आ करा. तीन बोटं."

तीन बोटं सहज गेली. चौथ्यालाही जागा होती.

"बग!" बुधाजी दारातून म्हणाला. "बोललो व्हतो ना?"

क्षिप्राने दिवा खाली ओढला, आरसा घेतला. तिला एखादा डाग हवा होता. गालाला एखादी पांढरी रेघ. दाखवता येईल असं काहीही. वरची बाजू पाहिली. खालची पाहिली. मग पुन्हा वरची. जन्मभर सुपारी फोडणाऱ्याच्या दाढा पाट्यासारख्या सपाट होतात, तिने अशा शेकडो पाहिल्या होत्या. दादांच्या दाढांवरचे उंचवटे कॉलेजातल्या पोरासारखे जागच्या जागी होते. फटीत लाल रेघ नाही, हिरडी गुलाबी, गाल मऊ. बराच वेळ ती वाकून बघत राहिली. मग आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"दादा, तुम्ही शेवटची सुपारी कधी खाल्लीत?"

दादांनी तोंड मिटलं.

"मी विचारतेय काहीतरी."

"मास्तर ताटकळलेत," दादा म्हणाले. "त्यांचं बघ आधी."

"ते काय सांगणार?" मागून आवाज आला. पद्माकाकू आतल्या दारात उभी होती, हाताला पीठ. गर्दी कसली म्हणून बघायला आलेली. "लग्न होऊन आले तेव्हापासून यांचे विडे मी लावतेय. पान, चुना, लवंग, वेलदोडा आणि खोबऱ्याचा काप. सुपारी नसतेच त्यात. मामंजींचा दंडक होता. वाडीवाल्याने सुपारी विकायची, द्यायची, पण स्वतःच्या तोंडात घालायची नाही. मला वाटलं हे सगळ्यांना माहितीये."

स्टुलावर मास्तरांच्या सुन्न ओठातून लाळ गळाली, ती पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"बरोबर आहे," दादा हळू म्हणाले. "वडील म्हणायचे, एकदा चटक लागली की माणूस बागच्या बाग चावून संपवील. विकायला काय उरणार? त्यांनी नाही खाल्ली, मी नाही खाल्ली."

"म्हणजे चटक लागते हे तुम्हाला माहीत होतं."

"तसं माहीत म्हणजे... घरच्यांपुरतं होतं ते."

"आणि ओटीवर येतात ते?"

दादांच्या डोक्यात आजारबिजार कधी आलाच नव्हता, यात शंका नाही. एवढे पाहुणे, एवढी वर्षं, हसतमुखाने दिलेली एवढी सुपारी. द्यायची वस्तू वेगळी आणि खायची वेगळी, यात काही चुकतंय असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. आणि दात दाखवून लेकीचं तोंड बंद करताना आपण खोटं बोलतोय हेही नाही. विडा तर ते खातच होते.

क्षिप्राने तोंड उघडलं. जन्माचा राग साठलेला, समोर बाप, साक्षीला सगळं गाव. तिच्या आधी बुधाजी फुटला.

"खोबरा?"

तो पुढे आला. "दादा, तू खोबरा खातंस? मना सुपारी कातरून देतंस आनि सवता खोबरा चावतंस?"

"बुध्या, ऐक..."

"काय ऐकू? अरं मना काय चटक व्हती काय? मी मिठागरातना आयलो तवा मना पान बी म्हाईत नव्हता. तू खातंस म्हनून मी खातो! दादा मोगे खातो, मंग आपन त्याच्या बरोबरीना बसून खावाची. एकट्याना कोन खातो रं? तुजी सोबत म्हनून खाल्ली मी!"

त्याला याहून पुष्कळ बोलायचं होतं. त्याच्याकडे शिव्यांचा साठा चांगला आहे, टेम्पोवाल्याला लागतोच. पण राग तीन बोटांचा आणि तोंड दीड बोटाचं. शिव्या आतल्या आत एकमेकींवर आदळत होत्या आणि बाहेर येताना निम्म्या मोडत होत्या. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंड काही उघडेना. हात गालाला लावून त्याने पुन्हा जोर केला. तेव्हा त्याला कळलं. क्षिप्राच्या चित्रांनी कळलं नव्हतं, नाक्यावर एसटी अडवून कळलं नव्हतं. दादा मोघ्याला पोटभर शिवी देता येत नाही म्हटल्यावर कळलं.

तोंडातली खांड त्याने काढली आणि दादांच्या तळहातावर ठेवली.

"चल गो पोरी," तो क्षिप्राला म्हणाला. "कंच्या डाक्टरकडं जावाचा? आता जाव. नायतर माजा इचार फिरल."

क्षिप्रा ओरडायला लागली. "नूतन, सर्जनना फोन लाव! कल्पिता, यांच्या कागदांची पिशवी घे. मास्तर, बसा." मास्तर बसले. इतक्या वर्षांत तिने इतक्या झटक्यात दाढ काढली नव्हती. मास्तरांना अजून वाटतं ती आपोआप पडली.

टेम्पोत पुढे बुधाजी, कल्पिता आणि क्षिप्रा. दादा धोतर सावरत पुढच्या दाराशी आले.

"तू कनाला?" बुधाजी म्हणाला.

"मी येतोय."

"मंग मागं बस. पोत्यांवर."

आणि सत्तरी ओलांडलेले दादा मोघे, ज्यांनी आयुष्यात कोणाच्या दारी उभं राहून वाट पाहिली नाही, ते स्वतःच्याच वाडीच्या सुपारीच्या पोत्यांवर बसून नागाव, आक्षी करत अलिबागला गेले. वाटेत ओळखीचे लोक नमस्कार करत होते. दादा एका हाताने फळी धरून दुसऱ्याने नमस्कार घेत होते. पुढे क्षिप्रा सगळा रस्ता बोलत होती. इतकी बोलत होती की बुधाजीने एकदा मागच्या जाळीतून दादांकडे पाहिलं, जागा बदलतोस का, असं. मग आठवण झाली आणि तोंड फिरवलं.

तुकडा काढला. अहवाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत मोघ्यांच्या ओटीवर तबक आलं नाही. लोकांना ते फार लागलं. मोघे हात आखडायला लागले, लेकीने बापाला ताब्यात घेतलं, असं नाक्यावर बोलणं झालं. एक जण तर क्षिप्रालाच म्हणाला, "डॉक्टर, निदान दात काढायच्या आधी तरी एक खांड द्यायला पाहिजे, धीर येतो." नूतन बटण दाबेपर्यंत उशीर झाला होता. दादांनी पाहुण्यांना खोबरं देऊन पाहिलं. घेताना प्रत्येक जण त्यांच्याकडे असा बघायचा की तेही त्यांनी बंद केलं. नुसते बसून राहायचे. अडकित्त्याशिवाय त्यांच्या हातांना काय करावं कळत नव्हतं.

बुधाजी माल न्यायला यायचा, पण ओटीवर चढायचा नाही. पोती मोजायची, बोटांनी आकडा दाखवायचा, निघायचं. दादा झोपाळ्यातून उठून पायरीपर्यंत यायचे. बुधाजी टेम्पो चालू करायचा.

अहवाल आला त्या दिवशी क्षिप्राने त्याला खुर्चीत बसवलं आणि आधी चांगलं अर्धं मिनिट ओरडून घेतलं. का ते तिलाही सांगता आलं नसतं. मग म्हणाली, "कर्करोग नाही. ऐकताय? नाही. पण त्याच वाटेवर होता. उरलेला चट्टा पुढच्या आठवड्यात काढून टाकायचा. दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं, नाही आलात तर स्कूटर नाही, ट्रेन आडवी घालीन. सुपारी आयुष्यात नाही. आणि तोंड उघडायचा व्यायाम. रोज, सकाळ-संध्याकाळ, जेवढं ताणता येईल तेवढं ताणायचं. दुखेल. तरी ताणायचं."

कल्पिता खुर्चीमागे उभी राहून रडत होती. बुधाजीने कागदाची घडी करून खिशात घातली.

"नुसता आ करून बसू?" तो म्हणाला. "पाड्यावर काय बोलतील? म्हातारा खुळावला बोलतील."

"मग काहीतरी बोला. मोठ्याने. पुटपुटायचं नाही, जबडा पुरता उघडला पाहिजे."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? तुमचा कोणावर राग असेल तर घाला शिव्या. मी तेच करते. माझा जबडा बघा किती मोकळा आहे."

बुधाजी विचार करत उठला. दार उघडून ओटीवर गेला. पायरीवर थांबला, परत वळला, आणि त्या सोमवारपासून रिकाम्या पडलेल्या बाकावर, झोपाळ्याच्या बरोबर समोर, येऊन बसला. ओटीवरचे पेशंट सरकले. दादांनी झोपाळा पायाने थांबवला.

बुधाजीने दोन्ही हातांनी गाल धरले, डोळे मिटले, आणि दादांच्या वाडवडिलांपासून सुरुवात केली. पहिली शिवी मोडकी निघाली. दुसरी त्याहून बरी. तिसरीला जबड्यात काहीतरी कटकन वाजलं, तो कळवळला, कल्पिता धावली.

"थांब गो," दादा तिला म्हणाले. ते पुढे झुकून बुधाजीच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "बुध्या, ती म्हणाली ना, पुरतं उघडायचं? तिसरी नीट आली नाही. पुन्हा घाल."